‘उत्पादक’ नेमके कोणाला म्हणायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘उत्पादक’ या शब्दाचा साधा अर्थ काय?

विक्रीसाठी किंवा वापरासाठी माल तयार करणारी, पिकवणारी किंवा जमिनीतून काढणारी व्यक्ती अथवा संस्था. पंप बनवणारी कंपनी उत्पादक, कांदा पिकवणारा शेतकरी उत्पादक आणि खनिज तेल उपसणारा देशही उत्पादक. शब्दकोश एवढ्यावर थांबतात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. कारण मराठीत माल करणाऱ्याला निर्माता, कारखानदार, उद्योजक, कारागीर, बागायतदार असे पाचसात शब्द आहेत आणि त्यांतला एक काढून दुसरा ठेवला की माणूसच बदलतो.

शब्द आला कुठून?

संस्कृतातून, जसाच्या तसा. ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘पद्’ हा धातू मिळून ‘उत्पद्’ होतो, म्हणजे वर येणे, उपजणे. त्याच्या प्रयोजक रूपाला ‘अक’ प्रत्यय लागला की उत्पादक, म्हणजे उपजवणारा. उत्पन्न, उत्पत्ती, उत्पादन, उत्पादित ही याच घरातली भावंडे.

‘उत्पात’ मात्र या घरातला नाही. त्याचा धातू ‘पत्’, म्हणजे पडणे किंवा उडणे, आणि अर्थ संकट, अनर्थ. छापील मजकुरात ‘उत्पाद’ लिहायला जाऊन ‘उत्पात’ पडलेला दिसतो, तेव्हा कंपनी आपल्या नव्या उत्पातांची जाहिरात करते आहे असे वाचावे लागते.

उत्पादक आणि निर्माता एकच ना?

व्यवहारात अनेकदा एकमेकांच्या जागी येतात, पण एकच नाहीत.

‘निर्माता’मध्ये ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू आहे. मोजून, मापून, आकार देऊन जे उभे राहते त्याचा कर्ता तो निर्माता. म्हणून सृष्टीचा निर्माता असतो, उत्पादक नसतो. चित्रपटाचा निर्माता असतो. ‘चित्रपट उत्पादक’ म्हटले की डब्यात भरून रिळे विकणारा कोणी डोळ्यांसमोर येतो. उलट तेल उत्पादक देश म्हणतात, तेलनिर्माते देश कोणी म्हणत नाही, कारण ते तेल कोणी घडवलेले नसते, फक्त बाहेर काढलेले असते. दूध, ऊस, कोळसा, मीठ यांचेही तसेच. जे उपजते, निघते, पिकते आणि क्विंटल-लिटरमध्ये मोजले जाते तिथे उत्पादक बसतो. जे रचले जाते तिथे निर्माता शोभतो.

मोटारी, घड्याळे, यंत्रे ही मधली जागा आहे. ‘वाहन उत्पादक’ आणि ‘वाहननिर्माता’ दोन्ही चालतात. माझी पसंती अशी: आकडे, विक्री, कर, तक्रार यांबद्दल लिहायचे असेल तर उत्पादक, रचना, कल्पकता, नवे मॉडेल यांबद्दल लिहायचे असेल तर निर्माता. हा नियम नव्हे, कानाची सवय आहे.

विजेच्या बाबतीत भाषेने वेगळाच कौल दिला. वीज क्विंटलने मोजत नसले तरी युनिटने मोजतात, पण आपण ‘वीजनिर्मिती’च म्हणतो आणि राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचे रोजच्या वापरातले नावही ‘महानिर्मिती’ आहे. रोजगाराचीही निर्मितीच होते. तर्काने सगळे बसवायला गेलात तर इथे अडाल.

औषधांच्या बाबतीत ‘निर्माता’ लिहिले तर काय बिघडते?

बरेच बिघडते. औषधनिर्माणशास्त्र म्हणजे फार्मसी. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मोजून देणाऱ्या शासकीय पदाचे नाव ‘औषध निर्माण अधिकारी’ आहे. ते औषध बनवत नाहीत. चिठ्ठी वाचून देतात, साठ्याची नोंद ठेवतात. त्यामुळे ‘औषधनिर्मात्यांवर कारवाई’ असा मथळा वाचून वाचकाला दुकानातला फार्मासिस्ट आठवणार की कारखाना, हे सांगता येत नाही. कंपनीबद्दल बोलायचे असेल तर ‘औषध उत्पादक कंपनी’ असे सरळ लिहावे.

कारखानदार म्हणजेच उत्पादक का?

कारखानदार हा मालकीचा शब्द आहे. फारसी ‘कारखाना’ला ‘दार’ लागला, जसा जमीनदार किंवा दुकानदार. कारखाना ज्याच्या ताब्यात तो कारखानदार. तिथे काय तयार होते याच्याशी शब्दाला देणेघेणे नाही. कारखाना बंद पडला तरी तो कारखानदारच राहतो, पण त्या काळात त्याला उत्पादक म्हणणे अवघड.

बातम्यांत ‘कारखानदार’ला एक छटाही चिकटली आहे. ‘उत्पादकांची बैठक’ ही नुसती बैठक वाटते, ‘कारखानदारांची बैठक’ म्हटले की समोर कोणीतरी दुसरा पक्ष उभा आहे असा वास येतो. साखरेने हे केले.

साखरेने काय केले?

हा प्रश्न वेगळा घेण्यासारखा आहे, कारण ‘उत्पादक’ शब्दाचा मराठीतला सगळ्यात ठळक वापर उसाच्या फडातून आला. ‘ऊस उत्पादक’ आणि ‘साखर कारखानदार’ ही जोडी दर गळीत हंगामात वर्तमानपत्रात समोरासमोर उभी असते. माल दोघेही तयार करतात, एक ऊस आणि दुसरा साखर. पण उत्पादक ही पदवी मराठीने शेतकऱ्याला दिली आणि साखर करणाऱ्याला मालकीच्या शब्दावर भागवायला लावले.

गंमत अशी की कायद्याच्या इंग्रजीत नेमके उलटे आहे. केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात शेतकरी हा ‘ग्रोअर’ आहे आणि ‘प्रोड्यूसर’ म्हणजे साखर करणारा कारखाना. ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची जबाबदारी त्या ‘प्रोड्यूसर’वर आहे. आता हे कलम कोणी डोळे झाकून ‘उत्पादकाने १४ दिवसांत रक्कम द्यावी’ असे मराठीत आणले, तर मराठी वाचक समजेल की शेतकऱ्यानेच पैसे द्यायचे आहेत. अशा जागी ‘साखर उत्पादक’ किंवा सरळ ‘कारखाना’ लिहिण्याला पर्याय नाही.

सहकारी साखर कारखान्यात हा शब्द मताधिकारापर्यंत जातो. ऊस घालणारे ते ‘उत्पादक सभासद’ आणि त्यांच्यापलीकडचे ‘बिगर उत्पादक’. निवडणुकीतले मतदारसंघ या शब्दांवर बेतलेले असतात. म्हणजे साखर कारखान्याच्या कार्यालयात कोणी नुसते ‘उत्पादक’ म्हणाले तर त्याचा अर्थ शेतात उभा असलेला माणूस, गाळप करणारी संस्था नव्हे.

मग शेतकरी म्हणायचे सोडून उत्पादक का म्हणतात?

कारण शेतकरी फार मोठा शब्द आहे. भाव एका पिकाचा पडतो, सगळ्या शेतीचा नाही. ‘कांदा उत्पादक’ म्हटले की त्या पिकाशी बांधलेला माणूस नेमका उचलला जातो. दुधाला तर दुसरा शब्दच नाही, कारण गायी-म्हशी पाळणाऱ्या अनेकांकडे जमीन नसते, त्यांना शेतकरी म्हणता येत नाही. कोल्हापुरात १९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’च्या अधिकृत नावातही ‘सहकारी दूध उत्पादक संघ’ असेच शब्द आहेत.

द्राक्षवाल्यांनी मात्र आपल्या राज्यव्यापी संघाला ‘बागायतदार’ शब्द घेतला. बागायतदारात पाण्याची सोय, बाग, जरा ऐपत हे सगळे आहे. ज्वारी बागायतदार असा शब्द कधी ऐकू येणार नाही.

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन ‘प्रोड्यूसर कंपनी’, म्हणजे उत्पादकांनी मिळून काढलेली कंपनी, हा प्रकार आला आणि त्याचे मराठी ‘शेतकरी उत्पादक कंपनी’ झाले. व्याकरणाच्या डोळ्यांनी पाहिले तर हा शब्दसमूह धोकादायक आहे, कारण ‘ऊस उत्पादक’ म्हणजे ऊस पिकवणारा, तर ‘शेतकरी उत्पादक’ म्हणजे कोण? पण रुळला आहे, कोणाचा गैरसमज होत नाही. मी तो बदलायला सांगणार नाही.

कारागिराला उत्पादक म्हणावे का?

सरकारी योजनेच्या अर्जात म्हणतात. बोलताना म्हणू नये. कारागिरात हात आहे, उत्पादकात फक्त माल आहे. पैठणी विणणाऱ्याला ‘पैठणी उत्पादक’ म्हटले की त्याची कला टोपलीत मोजल्यासारखी वाटते. पण तोच विणकर चार माग लावून दुसऱ्यांकडून काम करून घेत असेल, तर तो उत्पादक झाला आणि त्याला तसे म्हणायला हरकत नाही.

मराठीचा जुना मार्ग वेगळाच होता. तिथे माल करणाऱ्यासाठी एक सामान्य शब्द वापरण्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या मालावरून नाव मिळे. कुंभकाराचा कुंभार झाला, सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार, चर्मकाराचा चांभार, कांस्यकाराचा कासार. या सगळ्यांच्या शेवटी जो ‘आर’ ऐकू येतो तो झिजलेला ‘कार’, म्हणजे करणारा. सुतार तेवढा फसवतो: तो सूत्रधारातून आला, दोरी धरून रेघ मारणारा. शिवाय तांबट, कोष्टी, बुरूड, ओतारी. आज यांतली कितीतरी नावे आडनावे होऊन बसली आहेत आणि ती लावणाऱ्यांचा त्या मालाशी संबंध उरलेला नाही.

मी दुसऱ्याकडून माल बनवून घेतो आणि माझे लेबल लावतो. मी उत्पादक आहे का?

बाजाराच्या बोलीत नाही. तिथे विचारतात, ‘माल कुणाचा?’ आणि उत्तरात बनवणाऱ्याचे नाव अपेक्षित असते. लेबलवाला तो लेबलवाला.

कायद्याच्या भाषेत मात्र असू शकता. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधली उत्पादकाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. माल किंवा त्याचे भाग बनवणारा त्यात येतोच. दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडणाराही येतो. आणि दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःची खूण लावणारा किंवा लावून घेणाराही येतो. कारण उघड आहे. सदोष मिक्सरने ग्राहकाला इजा झाली तर त्याच्या हातात मिक्सरवरचे नाव असते, कुठल्या शेडमध्ये तो जोडला गेला याचा पत्ता नसतो. याच अधिनियमाने ‘उत्पादन दायित्व’, म्हणजे सदोष मालाने झालेल्या हानीची जबाबदारी, ही कल्पना आणली आणि जुलै २०२० पासून ती लागू आहे. म्हणून ‘आम्ही काही उत्पादक नाही, फक्त ब्रँड आमचा’ हे वाक्य दुकानात चालेल, ग्राहक आयोगापुढे टिकेलच असे नाही.

आणि जॉबवर्क करणारा?

हात त्याचे, यंत्र त्याचे, कच्चा माल आणि नाव दुसऱ्याचे. शब्दार्थाने तो उत्पादकच आहे. पण रोजच्या बोलण्यात ‘ते जॉबवर्क करतात’ असेच म्हणतात, आणि ते बरोबरही आहे, कारण मालाचे भाग्य त्याच्या हातात नसते. कंत्राटी उत्पादक हा शब्द छापण्याजोगा आहे. ‘जॉबवर्क’ला गाळीव मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडीत पडू नये, कारखान्यात तो कोणाला कळणार नाही.

नुसते धुऊन, निवडून, भरून विकणारा उत्पादक ठरतो का?

यावर न्यायालयांनी बरीच शाई खर्च केली आहे, कारण उत्पादन झाले की कर बदलतो. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या केंद्रीय कायद्यात कसोटी अशी आहे: कच्च्या मालावर प्रक्रिया होऊन वेगळे नाव, वेगळे स्वरूप आणि वेगळा उपयोग असलेली नवी वस्तू जन्माला आली पाहिजे. तिन्ही. ही कसोटी जुनी आहे. दिल्ली क्लॉथ मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच सांगितले होते की उत्पादनात बदल असतो, पण प्रत्येक बदल म्हणजे उत्पादन नव्हे.

सगळ्यात लक्षात राहणारे प्रकरण अननसाचे. पायो फूड पॅकर्सच्या विक्रीकराच्या वादात प्रश्न होता की अननस सोलून, चकत्या करून, साखरेच्या पाकात डबाबंद केला तर नवी वस्तू झाली का. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, नाही. डब्यातही तो अननसच आहे.

हीच कसोटी भाषेलाही लावून पाहावी. तूर भरडून डाळ केली तर नाव बदलले, रूप बदलले. तिथे डाळ उत्पादक म्हणायला जीभ अडखळत नाही. गहू निवडून पिशवीत भरणाऱ्याला ‘गहू उत्पादक’ म्हणणे मात्र शेतकऱ्याच्या नावावर डल्ला आहे. तो पॅकिंग करणारा.

लेबलवर मराठीत काय लिहावे?

आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, मालाच्या २०११ च्या वैधमापन (वजनमापांच्या) नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचे नाव आणि पत्ता लागतो. भरणारा वेगळा असेल तर त्याचाही, आणि माल परदेशातून आला असेल तर आयातदाराचा. ही सक्तीची माहिती देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत द्यायची असते. त्याच्या जोडीला मराठी लिहायला पूर्ण मुभा आहे. म्हणजे मराठी मजकूर हा जास्तीचा, इंग्रजी-हिंदी काढून टाकण्याचा परवाना नव्हे.

शब्दांबाबत माझा सल्ला: ‘उत्पादक’, ‘पॅकिंग’, ‘आयातदार’, ‘विक्री व वितरण’. माल भरणाऱ्यासाठी ‘आवेष्टक’ हा सरकारी शब्द अचूक आहे, पण पाकीट हातात घेणाऱ्याला तो एखाद्या रोगाचे नाव वाटतो. ‘द्वारा उत्पादित’ हे तर टाळाच. ती हिंदीची मांडणी आहे. मराठीत ‘उत्पादक :’ लिहून पुढे नाव दिले की काम झाले. पाट्यांवर ‘…चे उत्पादक व घाऊक विक्रेते’ ही जुनी ओळ अजून दिसते आणि ती अस्सल मराठी घडणीची आहे.

‘आमचे उत्पाद’ की ‘आमची उत्पादने’?

उत्पादने. ‘उत्पाद’ हिंदीत रूढ आहे, संस्कृतातही आहे, पण मराठीत वस्तूसाठी ‘उत्पादन’ हा शब्द चालतो आणि क्रियेसाठीही तोच. हिंदीतला ‘उत्पाद शुल्क’ मराठीत ‘उत्पादन शुल्क’ होतो. राज्याच्या खात्याचे नावही ‘राज्य उत्पादन शुल्क विभाग’ आहे. जाहिराती हिंदीतून मराठीत येताना ‘उत्पाद’ तसाच घुसतो. एकाच शब्दाला क्रिया आणि वस्तू दोन्ही अर्थ असल्याने कधीकधी अडचण होते हे खरे. तेव्हा सरळ ‘माल’ किंवा ‘वस्तू’ म्हणावे. ‘माल’ हा शब्द काही लोकांना हलका का वाटतो ते मला समजत नाही. व्यापारात त्याच्याइतका नेमका शब्द नाही.

एकरी उत्पन्न की एकरी उत्पादन?

संपादक सांगतात: माल आला तर उत्पादन, पैसा आला तर उत्पन्न. ‘एकरी ४० टन उत्पादन, दोन लाखांचे उत्पन्न.’ लिहिताना हा भेद पाळावा, वाचकाची सोय होते. पण शेतकरी टनांनाही उत्पन्न म्हणतो म्हणून त्याला चुकीचे ठरवू नका. ‘कृषी उत्पन्न बाजार समिती’तले उत्पन्न म्हणजे शेतमालच आहे, पैसा नव्हे.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला काय म्हणावे?

विकसक. ‘विकासक’ लिहिलेत तर तो इमारती बांधणारा होतो.

‘उत्पादक’ विशेषण म्हणून वापरता येतो का?

येतो, आणि तिथे तो माणसापासून सुटतो. उत्पादक खर्च, उत्पादक काम, अनुत्पादक कर्ज. उत्पादकता म्हणजे एका माणसामागे, तासामागे किंवा हेक्टरमागे किती निघाले. उत्पादन वाढले तरी उत्पादकता घटू शकते, जमीन जास्त पेरली असेल तर. बातमीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकणे ही साधी चूक नाही, ती माहितीची चूक आहे. विज्ञानाच्या पुस्तकात हिरव्या वनस्पती उत्पादक असतात, त्यांना खाणारे भक्षक आणि उरलेल्याचा निकाल लावणारे विघटक.

दुग्धोत्पादक बरोबर की दूधउत्पादक? आणि स्त्री असेल तर?

दोन्ही बरोबर. दुग्ध आणि उत्पादक दोन्ही संस्कृत, म्हणून संधी होते. दूध मराठी, म्हणून त्याचा ‘दूधोत्पादक’ करू नये. ‘दूधउत्पादक’ जोडून किंवा वर्तमानपत्रांसारखे ‘दूध उत्पादक’ सुटे लिहावे. समास जोडून लिहिणे शास्त्रशुद्ध, पण ‘ऊसउत्पादक’ डोळ्याला अडकतो हे मान्य.

एकवचन आणि अनेकवचन दोन्हीकडे ‘उत्पादक’च राहते: तो उत्पादक, ते उत्पादक. विभक्ती लागली की उत्पादकाला, उत्पादकांनी. निर्माता मात्र बदलतो: निर्माते, निर्मात्याला, निर्मात्यांनी. स्त्रीसाठी ‘निर्माती’ चित्रपटसृष्टीत पक्का रुळला आहे. ‘उत्पादिका’ व्याकरणाने शक्य असला तरी कोणी वापरत नाही. ‘महिला दूध उत्पादक’ असेच लिहितात. बचत गटाच्या पाकिटावर तर नुसते ‘उत्पादक’ लिहून पुढे गटाचे नाव टाकतात, तिथे लिंगाचा प्रश्नच येत नाही.